दाराबाहेर उभा असलेला पेत्र

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये १२:१-१७, मत्तय १२:४३-४५, फिलेमोन ८-२१



आपल्या बहुतेक मंडळ्यांमध्ये रविवारच्या सार्वजनिक प्रार्थनेत आजारी, प्रवासी व शोकाकुल यांच्याबरोबर बंदिवानांचेही स्मरण केले जाते. नाताळच्या सुमारास आपले तरुणसंघ जवळच्या कारागृहात जातात, गीते गातात, फळे वाटतात. हे सर्व चांगले आहे आणि प्रभूला मान्य आहे. परंतु ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो तो बंदिवान एके दिवशी सुटतो आणि आपल्याच दाराशी येऊन उभा राहतो, तेव्हा काय होते? या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्राने फार पूर्वी, आणि काहीशा विनोदाने, देऊन ठेवले आहे. तो विनोद आपल्यावरच आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात पेत्र हेरोदाच्या तुरुंगात आहे. चार चार शिपायांच्या चार तुकड्या त्याच्यावर पहारा करीत आहेत. इकडे मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करीत आहे. रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, पहारे मागे पडतात आणि शहराकडचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र मार्काची आई मरीया हिच्या घरी येतो आणि दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते. परंतु आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत जाते. आत प्रार्थना करणारे लोक तिला वेड्यात काढतात. तो पेत्र नसून त्याचा देवदूत असावा, असे म्हणतात. इतका वेळ पेत्र रस्त्यावर उभा राहून दार ठोठावीत आहे.

विचार करा. हेरोदाचा लोखंडी दरवाजा उघडला, पण प्रार्थनेच्या घराचे लाकडी दार उघडेना! ज्याच्या सुटकेसाठी गुडघे टेकले होते, तो सुटून आला हे प्रार्थना करणाऱ्यांनाच खरे वाटेना.

तुरुंगातून सुटलेली माणसे पुन्हा तुरुंगात का जातात, हा प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवीत आहे. त्याचे बरेचसे उत्तर या दोन दारांच्या मधल्या अंतरात आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

एका गल्लीपुरती सोबत

दहाव्या वचनात लूक एक बारीक गोष्ट नोंदवितो. लोखंडी दरवाजातून बाहेर पडल्यावर ते दोघे एक रस्ता ओलांडून गेले आणि लगेच देवदूत पेत्राला सोडून गेला. देवदूताची सोबत एका गल्लीपुरती होती. त्याने पेत्राला कंबर बांधावयास, वहाणा घालावयास, अंगावर वस्त्र घ्यावयास सांगितले, त्याला बाहेर आणले आणि तो निघून गेला. पुढचे काम मंडळीचे होते.

आपल्याकडे सुटका होते तेव्हाही जवळजवळ असेच घडते. न्यायालयाचा आदेश येतो, कागदावर सह्या होतात, जमा केलेल्या वस्तू परत मिळतात, श्रम केलेल्या शिक्षाबंदीला त्याच्या मजुरीची शिल्लक मिळते, आणि दिंडीदरवाजा उघडतो. शासनाची सोबत तेथे संपते. पुढच्या गल्लीत कोण आहे? कित्येकांच्या बाबतीत तेथे एक तर कोणीच नसते, किंवा ज्यांच्यामुळे तो आत गेला तेच जुने सोबती असतात. बंधुजनहो, ते सोबती मात्र वेळेवर येतात. चहा पाजतात, जेवू घालतात, रात्री झोपावयास जागा देतात. आपण ज्याला कुसंगती म्हणतो, ती त्या दिवशी त्याच्यासाठी एकमेव पाहुणचार असते.

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने तेथील तीस राज्यांतून २००५ साली सुटलेल्या बंद्यांचा नऊ वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी शंभरात सुमारे ४४ जणांना पहिल्याच वर्षात पुन्हा अटक झाली, तीन वर्षांत ६८ जणांना आणि नऊ वर्षांत ८३ जणांना. अटक म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे, आणि तो देशही आपल्याहून वेगळा आहे. तथापि, त्या आकड्यांतील एक धडा कोणत्याही देशाला लागू पडेल. सर्वांत मोठी पडझड अगदी आरंभी होते. ज्या वर्षात माणसाला सर्वांत जास्त आधाराची गरज असते, त्याच वर्षात आपण त्याच्यापासून चार हात दूर राहून तो कसा वागतो ते पाहत असतो.

आपल्या देशातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२च्या अखेरीस भारतातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते, आणि जागा होती सुमारे ४ लाख ३६ हजारांची. या बंद्यांपैकी शंभरात सुमारे ७५ जण न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते होते. त्यांच्यावरील आरोप अद्याप शाबीत झालेला नव्हता. असा माणूस जामिनावर सुटतो तेव्हा तो खरोखर सुटलेला नसतो. त्याला तारखा असतात. मोलमजुरी करणाऱ्याला एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर गाडीभाडे. दोन तारखांना तो जातो, तिसरी चुकते. मग वॉरंट निघते आणि तो पुन्हा आत जातो. शेजारी म्हणतात, "पाहिलेत, सुधारला नाही!" त्याने नवा गुन्हा केलेलाच नसतो. त्याच्याजवळ गाडीभाडे नव्हते, आणि तारखेची आठवण करून देणारे कोणी नव्हते, एवढेच.

झाडून ठेवलेले रिकामे घर

येथे कोणी म्हणेल, "सर्व दोष समाजावर का टाकता? पाप माणसाच्या अंतःकरणात आहे." हे खरे आहे, आणि मंडळीने ते सांगण्यास कधी संकोच करू नये. दारिद्र्यात राहूनही चोरी न करणारे असंख्य आहेत. परंतु अंतःकरणाविषयी आपल्या प्रभूने काय सांगितले ते पाहा.

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू एका घराची गोष्ट सांगतो. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, निर्जल प्रदेशात विसावा शोधीत हिंडतो, आणि तो न मिळाल्यामुळे जुन्या घरी परत येतो. ते घर त्याला झाडलेले व नीटनेटके दिसते, परंतु ते रिकामे असते. मग तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन येतो, आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते.

घर अस्वच्छ होते म्हणून दुष्टता परत आली नाही, तर घरात दुसरे कोणी राहावयास आले नव्हते म्हणून ती परत आली. तुरुंग फार तर घर झाडू शकतो. दारू सुटते, जुगार सुटतो, पहाटे उठण्याची सवय लागते. पण तेथे दिवसाचा प्रत्येक क्षण दुसरा कोणीतरी ठरवितो. कधी उठावे, कधी जेवावे, कधी मोजणीसाठी रांगेत बसावे, कधी बराकीत जावे, यांपैकी काहीच बंदीच्या हाती नसते. पाच-सात वर्षे ज्याने एकही निर्णय घेतला नाही, त्याला एके सकाळी रस्त्यावर उभे करून आपण म्हणतो, "आता योग्य निर्णय घे!" त्याच्या मुलांना त्याची सवय राहिलेली नसते. त्याच्यावाचून संसार कसा चालवावयाचा हे पत्नी कष्टाने शिकलेली असते. घरात त्याची जागा भरून गेलेली असते, आणि तो स्वतः आतून रिकामा असतो. वाईट सोडणे हा पश्चात्तापाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे ख्रिस्ताने येऊन वस्ती करणे. आणि ख्रिस्त ज्या रीतीने वस्ती करतो, तीत काम, घर, मित्र, उपासना आणि एकाच ताटात जेवणारी माणसे या सर्वांचा समावेश असतो.

ही गोष्ट एका संस्थानिकाने आपल्याच मुलखात ओळखली होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने मॉरिस फ्रिडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने हा प्रयोग केला. बंद्यांनी तेथे मोकळेपणी राहावे, शेती करावी, आणि आपले कुटुंबही जवळ आणावे, अशी ती योजना. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांना 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७चा चित्रपट सुचला. तो चित्रपट आपण पाहिला, त्याला वाखाणले. पण त्याच्यामागचा साधा विचार मात्र विसरलो. ज्या माणसाने बाहेर पडून विश्वासास पात्र व्हावे अशी आपली इच्छा आहे, त्याच्यावर कोणीतरी आधी विश्वास टाकावा लागतो.

"तो तो नव्हेच!"

मरीयेच्या घरातील लोक दुष्ट नव्हते. ते त्या रात्री झोपलेही नव्हते. त्यांना पेत्राविषयी प्रेम होते. पण दारात उभा असलेला तो खरोखर पेत्र आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आपलेही असेच होते. प्रवचनात आपण नव्या उत्पत्तीविषयी बोलतो, पण सुटून आलेला माणूस नवा झाला आहे असे म्हणू लागला, की आपण म्हणतो, "नाटक असेल."

हा अविश्वास कधी कधी कायद्याचेच रूप घेतो. १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. त्यांची हजेरी घेतली गेली, पुढे त्यांना तारेच्या कुंपणाआड वसविले गेले. सोलापूरची सेटलमेंट आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. बंधुजनहो, नम्रतेने कबूल केले पाहिजे, की सरकारच्या वतीने अशा वसाहती चालविणाऱ्यांमध्ये मुक्तिफौज व इतर ख्रिस्ती मिशनेही होती. त्यांनी तेथे शाळा काढल्या, उद्योग शिकविले, कित्येकांनी जीव ओतून सेवा केली. परंतु कुंपणाची किल्ली आपल्या हातात होती, हेही तितकेच खरे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. तो संशय काय करतो, हे लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'उचल्या' या आत्मकथनातून महाराष्ट्राला सांगितले. कारागृहांच्या नियमावलींतील जातीवर आधारलेली कामांची वाटणी आणि अशा जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या, त्यास २०२४चा ऑक्टोबर उजाडावा लागला. ज्या वस्तीतील माणसाला आळीत चोरी झाली की प्रथम उचलले जाते, तो पुन्हा तुरुंगात का गेला असे आपण कोणत्या तोंडाने विचारावे?

मी लिहिलेले पत्र

येथे मला माझी एक चूक आपल्यापुढे ठेवली पाहिजे. पुष्कळ वर्षे मी ती कोणास सांगितली नव्हती.

एका कारागृहात मी महिन्यातून दोनदा प्रार्थनेस जात असे. तेथे चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा एक मध्यमवयीन भाऊ होता. तो शुभवर्तमान अक्षर अक्षर लावून वाचावयास शिकला. सुटल्यावर तो आमच्या उपासनेस येऊ लागला. मागच्या बाकावर, दाराजवळ बसे. उपासनेनंतर लोक एकमेकांना सलाम करीत, घोळक्याने उभे राहत, आणि तो चपला शोधण्याचे निमित्त करून थोडा वेळ रेंगाळे. आमच्या मंडळीतील एका वृद्ध विधवा भगिनीने तेवढे एकदा त्याचे नाव विचारले आणि त्याला घरी नेऊन चहा पाजला.

काही आठवड्यांनी एका गोदामाच्या मालकाने त्याला कामावर घेण्याची तयारी दाखविली. त्याला केवळ पाळकाचे पत्र हवे होते. मी पत्र लिहिले. सदर गृहस्थ काही आठवड्यांपासून आमच्या उपासनेस येत आहेत, त्यांचे वर्तन उपासनेच्या वेळी चांगले असते, याहून अधिक माहिती मला नाही, असे मी लिहिले. मला अधिक माहिती होती. तीन वर्षे मी त्याला पाहिले होते. त्याचे अश्रू पाहिले होते, आजारी सोबत्याची त्याने केलेली शुश्रूषा पाहिली होती. परंतु उद्या काही घडले तर माझे नाव नको, मंडळीचे नाव नको, असा विचार करून मी ती चार वाक्ये लिहिली. मालकाने पत्र वाचले, घडी घातली आणि कळवितो म्हणाला. त्याने कळविले नाही.

चार महिन्यांनी त्याच कारागृहात प्रार्थनेच्या वेळी तिसऱ्या रांगेत तो मला दिसला. प्रार्थना संपल्यावर त्याने पुढे येऊन सलाम केला. पत्राविषयी तो काहीच बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, "पाळकसाहेब, त्या आजी बऱ्या आहेत ना?"

दोनशे लोकांच्या मंडळीतून त्याच्याजवळ एकच माणूस उरले होते, आणि ते मी नव्हतो.

पौलाचे पत्र

त्या रात्री मी फिलेमोनास लिहिलेले पत्र पुन्हा वाचले. शास्त्रातील ते एक लहानसे पत्र आहे, आणि एका बंदिवानाने ते लिहिले आहे. अनेसिम हा पळून गेलेला दास. आपल्या धन्याचे त्याने काही नुकसानही केले असावे, असे पौलाच्या शब्दांवरून दिसते. पेत्र तर निरपराध होता. आपल्या दाराशी येणारे पुष्कळ जण अनेसिमासारखे असतात. त्यांनी खरोखर कोणाचे तरी वाईट केलेले असते. म्हणूनच हे पत्र आपल्यासाठी आहे.

पौल अपराध झाकीत नाही. तो फिलेमोनाला झालेला तोटा मान्य करतो, आणि ज्याचा तोटा झाला त्याच्यावर हुकूम न गाजविता विनंती करतो. पुढे मात्र तो असे काही लिहितो, की माझे ते चार ओळींचे पत्र त्यापुढे लाजेने काळे पडावे. याला माझ्याच जागी समजून घरात घे, याचे जे काही देणे असेल ते माझ्या नावावर मांड, मी स्वतःच्या हाताने लिहून देतो, असा त्याचा आशय आहे. पौल जामीन राहतो. अनेसिमाच्या भविष्याशी तो स्वतःचे नाव बांधून घेतो.

आणखी दोन गोष्टी पाहा. ते पत्र एकट्या फिलेमोनाला नव्हते. त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचाही आरंभीच उल्लेख आहे, म्हणजे अनेसिमाचे स्वागत हे सर्वांचे काम होते. तसेच कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायावरून कळते, की अनेसिमाला पौलाने एकटे धाडले नाही. तुखिक हा विश्वासू बंधू त्याच्याबरोबर होता. जुन्या धन्याच्या दारापर्यंत चालत जाण्याचे धैर्य एकट्या माणसात नसते, हे पौल जाणून होता.

आणि, प्रियजनहो, पौल हे कोठे शिकला? त्याचे देणे वधस्तंभावर दुसऱ्याने आपल्या नावावर घेतले होते. आपलेही घेतले आहे. आपण सर्वच सुटून आलेले बंदिवान आहोत. आपल्यासाठी दार उघडले गेले म्हणून आपण आत आहोत.

मग आपण काय करावे? प्रथम, सुटकेच्या आधीच ओळख करून घ्यावी. दारात उभा राहिल्यावर नाव विचारू नये. सुटकेच्या दिवशी दिंडीदरवाजाबाहेर आपल्यापैकी कोणी एकाने उभे राहावे. तारखा असल्यास त्या कोणीतरी वहीत लिहून घ्याव्यात आणि एखाद्या तारखेस त्याच्याबरोबर जावे. ज्यांची दुकाने, कारखाने, शेते आहेत त्यांनी एका माणसाला काम द्यावे. एकालाच द्यावे, पण मनापासून द्यावे. त्याच्या पत्नीला व मुलांना तो आत असतानाच विसरू नये. यात भोळेपणाची गरज नाही. जेथे लेकराबाळांना वा स्त्रियांना धोका होण्याजोगा गुन्हा घडलेला आहे, तेथे सावधगिरी हेही प्रीतीचेच काम आहे. ज्याचा अपराध झाला त्याचे दुःख हलके लेखू नये. जक्कयाप्रमाणे परतफेडीचाही मार्ग दाखवावा. आणि तो पुन्हा पडला, तर पुन्हा भेटावयास जावे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने परक्याला घरात घेणे आणि बंदिवानाला भेटणे ही दोन्ही कामे एकाच यादीत ठेवली आहेत. पुष्कळदा ती दोन माणसे नसतात. काल जो बंदिवान होता, तोच आज आपल्या दाराशी आलेला परका असतो.

पेत्र ठोठावीतच राहिला, म्हणून अखेरीस दार उघडले. प्रत्येकाजवळ तेवढा धीर नसतो. काही जण दोनदा ठोठावतात आणि वळून जातात. ज्या दरवाजाची त्यांना सवय असते तो त्यांच्यासाठी केव्हाही उघडतो.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू स्वतः धरला गेलास, बांधला गेलास आणि अपराध्यांत गणला गेलास. जे आज सुटत आहेत त्यांच्या पहिल्या गल्लीत तू त्यांच्याबरोबर चाल. त्यांचे रिकामे अंतःकरण तुझ्या आत्म्याने भर. आमच्या भित्र्या पत्रांची आम्हांला क्षमा कर. आणि कोणी दार ठोठावील तेव्हा आम्ही प्रार्थनेतून उठून ते उघडावे, असे आमचे मन कर. आमेन.